ओवाळलेली काच

कापूर पेटला की मला देव नाही, मोटारसायकल आठवते. दुसरी मोठी लढाई संपल्यावर नगरच्या लष्करी लिलावात ह्यांनी ती घेतली. तिच्यावरून राहात्याला माझ्या माहेरी जायचं, म्हणून वारा अडवायला पुढे काच हवी होती. दुकानात दोन होत्या: एक खरी, जड, दुसरी तेव्हाचे कंगवे ज्याचे होत त्या सेल्युलॉइडची, लखलखीत, कापराच्या वासाची. त्या वासाला भुलून मी शहाणीने दुसरी निवडली. निघताना गाडीला ओवाळायला निरांजन जरा पुढे नेलं, तर भप्पकन सगळी काच पेटली! सेल्युलॉइडमध्ये कापूरच असतो, हे मला कुठे ठाऊक! गाडीवर बसलेल्या ह्यांच्या मिशा डोळ्यांदेखत गेल्या. सासूबाई ओरडल्या, "अगं, ओवाळायला सांगितलं होतं, पेटवायला नव्हे!" माहेरी जाणं राहिलंच. परवा नातवाची नवी गाडी आली, तेव्हा सुनेने तबक माझ्या हाती दिलं, निरांजन मात्र स्वतःकडे ठेवलं.