काकूंनी नाव घेतलं तेव्हा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मिलिंदला नाही, आईला नाही. त्या दिवशी वॉर्डातल्या ज्या तिघी माझ्याबरोबर होत्या, त्यांनाही नाही. आणि त्यांनी तर ते स्वतःच्या कानांनी ऐकलंय. आपण काय ऐकलं, एवढंच त्यांना ठाऊक नाही.

कुठून सुरू करू? ऑकलंडला येऊन तेव्हा मला फार दिवस झाले नव्हते. दोन हजारचं दशक अर्धं सरलं असेल. हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली होती, पण चहाच्या सुट्टीत मी अजून कोपऱ्यात बसायचे. वास सुटू नये म्हणून डब्याचं झाकण अर्धवट लावून पोळीभाजी खायचे. आणि एक दिवस ज्युलीने, वॉर्ड सांभाळणाऱ्या आमच्या चार्ज नर्सने, सहज विचारलं, मिलफर्ड साउंडला कयाकिंगला येतेस का? घेतलं बाई यांनी आपल्याला त्यांच्यात, असं वाटलं. हसू येईल तुम्हाला, पण मला त्याचं फार अप्रूप होतं. मंगळसूत्र घरी ठेवलं. पाण्यात पडेल, असं मिलिंदला सांगितलं. ते काही खरं कारण नव्हतं.

मिलफर्ड तुम्ही फोटोत पाहिलं असेल. समुद्राचं पाणी डोंगरांच्या आत शिरलेलं, दोन्ही बाजूंना काळे ओले कडे, पाण्यातून सरळ वर चढलेले. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, त्यामुळे जिकडे बघावं तिकडे धबधबे. इतकं सुंदर, की जरा भीतीच वाटावी. पण आज डोळे मिटले तर मला त्यातलं काही दिसत नाही. ऐकू येतं. पाण्याचा आवाज, आणि त्याच्या आतून — थांबा. आधी बोटीवरचं सांगते.

सकाळी बोटीवर एक मराठी कुटुंब होतं. काका-काकू, त्यांचा मुलगा, लहानगा नातू. काकूंनी डेकवरच डबा उघडला. दशम्या आणि लसणाची चटणी. वास सगळीकडे. ज्युली म्हणाली, "स्मेल्स यम!" तिला खरंच आवडला होता तो वास. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

"मराठी का गं तू? घे ना एक दशमी."

मी म्हणाले, "सॉरी?" चक्क इंग्लिशमध्ये. ज्युलीने विचारलं तेव्हा सांगितलं, इंडियात हीप्स ऑफ लँग्वेजेस असतात, ही माझी नाही. काकू ओशाळल्या. त्यांनी डबा बंद केला.

इथवर काय, मी नुसतं खोटंच बोलले होते. अशी खोटी माणसं खूप असतात.

दुपारी कयाकिंग झालं. सँडफ्लाय चावून हात सुजलेले, वल्ही मारून खांदे दुखत होते, तरी आम्ही खूश होतो. काठाकाठाने झाडीतली पायवाट धरून गाडीकडे निघालो. धुकं खाली उतरलं होतं. आणि डावीकडच्या झाडीतून हाक आली — "अहो." जरा वेळाने पुन्हा — "अहो, कुठे आहात?"

आवाज मी लगेच ओळखला. ज्युली थांबली. "शी ऑलराइट, यू रेकन?"

मी काय म्हणाले, ते जसंच्या तसं सांगते. म्हणाले, फोटोसाठी कुणाला तरी बोलावत असेल. वी आर लाउड पीपल. त्या हसल्या. मीही हसले. खरं तर काकूंचा आवाज मोठा नव्हताच. परक्या ठिकाणी बाईने कसं ओरडायचं, हा संकोच त्या हाकेतही होता.

आणि मग त्यांनी नाव घेतलं.

"दिगंबर!"

एकदाच. फाटक्या आवाजात. माझ्या आईला बँकेत कुणी नवऱ्याचं नाव विचारलं, की ती आमच्याकडे बघायची, सांगायचं आम्ही. उखाण्याशिवाय नाव घ्यायचं नाही, नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं मानणाऱ्या त्या बायका. त्यांच्यातल्या एकीने रानात उभं राहून नवऱ्याला नावाने हाक मारली, म्हणजे काय झालं असणार? ज्युलीच्या लेखी तो नुसता एक शब्द होता. मला त्याचा अर्थ कळला होता. चौघींत एकटीला कळला होता.

त्या क्षणी मला फक्त मागे वळायचं होतं. पण सकाळी तर मी म्हणाले होते, ही भाषा मला येत नाही. आता येते म्हटलं असतं तर? मिनिटभर खजील झाले असते, एवढंच. तेवढंही मला नको होतं. मी म्हणाले, "चला, पाऊस येईल." आणि सगळ्यांच्या पुढे चालायला लागले.

आठवड्याने मिलिंद ईस्ट टामाकीहून, कामावरून, उतरल्या चेहऱ्याने घरी आला. त्याच्या ऑफिसातल्या एकाचे वडील गेले होते. मिलफर्डला. लघवीला म्हणून पायवाट सोडून आत गेले आणि घसरून ओढ्यात पडले. मुलगा नातवाला घेऊन गाडीकडे गेला होता, तो परत येईपर्यंत ते तसेच थंड पाण्यात. हेलिकॉप्टरने नेलं, पण उपयोग झाला नाही.

भेटायला जावं लागलं. टाकानिनीतलं नवं घर, दाराशी चपलांचा ढीग. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. तिकडे मी टोपी-गॉगल चढवून इंग्लिश बोलत होते, इथे साडी नेसून गेले होते. त्यांनी मला ओळखलं नाही. कुणीतरी सांगितलं, ही नर्स आहे. तशी त्यांनी माझा हात धरला.

"मी नाव घेतलं गं त्यांचं," त्या हळूच म्हणाल्या. "कुणी येईना, म्हणून घेतलं. आणि बघ, गेलेच. मीच घालवलं त्यांना."

मी म्हणाले, "काकू, असं काही नसतं." सगळेच त्यांना तसं म्हणत होते. त्यांनी मान हलवली आणि माझा हात सोडला.

त्या साताऱ्याला परत गेल्या. मिलिंदकडे त्यांचा नंबर होता, फ्रिजवर लावलेला. मी फोन केला नाही. पुढे काही वर्षांनी त्याही गेल्या. शेवटपर्यंत तेच धरून बसल्या होत्या, असं त्यांचा मुलगा सांगत होता. आईने नावाचं खूळ घेतलं होतं म्हणाला.

त्यांची हाक पोचली होती. ऐकणारी मराठी होती, नर्स होती, हाकेच्या अंतरावर होती, आणि ती निघून गेली. नावाने काही झालं नाही, मी आलेच नाही, काकू. एवढंच त्यांना सांगायचं होतं. मी ते सांगितलं नाही.