खोट्या गावातली आक्का

आक्का मरायची फार छान. बार झाला की आधी उंबऱ्याला हात टेकायची, मग खाली बसायची आणि लुगडं पायांवर नीट ओढून घेऊन आडवी व्हायची. उठताना मात्र मला हाक. "सुभेदार, मराया काय न्हाय लागत, पर उठताना जीव जातोय की," म्हणायची.

जवानांच्या सरावासाठी आम्ही माळावर पत्र्याचं खोटं गाव उभं केलं होतं. तिथं गावकरी व्हायला गडमुडशिंगी, उचगावकडची माणसं रोजंदारीवर टेंपोनं यायची. कोणी भांडायचं, कोणी पळायचं, हे मी वाटून द्यायचो. आक्काचं काम सगळ्यांत सोपं. झडतीला जवान आले की घरात गप्प बसायचं.

नेमकं तेवढंच तिला जमलं नाही. दारात पावलं वाजली की ही पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर. बावरलेलं पोरगं तिच्या हातात काहीतरी बघून खोटी गोळी झाडायचं आणि नापास व्हायचं. मी रागावलो, समजावलं, शेवटी हात जोडले. ती म्हणाली, "दारात आलेल्याला पाणी न्हाय इचारायचं, तर मग गाव कसलं ओ हे?" मेल्यावर उठून ती त्याच पोराला पाणी पाजायची. ते पोरगं बिचारं रडकुंडीला यायचं.

निकाल बिघडतात म्हणून वरून विचारणा झाली. रोज तेच तेच सांगून मीही कंटाळलो होतो. उद्यापासून येऊ नका म्हणालो. तिनं वाद घातला नाही. टेंपोत चढताना आधाराला तेवढा माझा हात मागितला.

मी निवृत्त झालो. परवा तिच्या वेळचा एक जवान सुट्टीवर आला होता, तो भेटला. सीमेकडच्या एका गावात झडती चालली असताना एक म्हातारी हातात काहीतरी घेऊन थेट पुढं आली. बोट घोड्यावर होतं, पण आक्का आठवली आणि थांबलो, म्हणाला. म्हातारीनं दूध आणलं होतं.

हे सांगायला मी गडमुडशिंगीला गेलो. आक्का आता अंथरुणाला खिळली आहे. सगळं ऐकून तिला बरं वाटलं. मग तिनं विचारलं, "आता तितं कोण मरतंय?"

"कोणी नाही, आक्का. सगळी पोरं पास होतात."

तिनं उशाजवळचा पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. मला मान वर करवेना.