यादीतलं निळं दार

त्या दिवशी दुपारी चारला आम्ही दोघं ओट्यावर बसून यादी करत होतो. नात सुजाताचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. नांदेडचे व्याही दोन दिवस आधी येणार होते. लग्नघरात पाहुणे रिकामे बसले की बायकांच्या पायात पायात येतात, म्हणून माझी बायको पारू त्यांना लातूर बघायला पिटाळायची. भावकीत लग्न कुणाचंही असो, पाहुण्यांनी कुठं जायचं ते पारूच सांगणार. तिला अक्षर येत नव्हतं, मी चौथी शिकलेला. ती सांगायची, मी लिहायचो.

"लिवा. गंजगोलाईत गेल्यावर आधी देवळाकडं तोंड करून उभं ऱ्हायचं. सोळा रस्ते फुटत्यात तिथून. मागं तुमचा साडू बांगड्या आणाया गेला आन् गुळाच्या बाजारात निघाला."

"तुझ्याच बहिणीचा नवरा हाय तो. मला काऊन बोलतीस?"

"तुमच्यावानीच हाय म्हणून."

दुकानाच्या पाट्या तिला वाचता येत नव्हत्या. तिच्या खुणा नाकाच्या. मिरचीचा ठसका लागला की डावीकडं वळा, चामड्याचा वास आला की चपला घ्या, पण पहिल्या भावाला हो म्हणू नका... अशी आठ ठिकाणं झाली. मग ती म्हणाली, "आता नववं. तेलाच्या घाण्यामागची गल्ली. निळं दार. शिंप्याच्या अम्माचं."

मी पेन खाली ठेवला. "तिथं काय हाय बघाया? पाहुण्याला दार दावतीस?"

"लिवा म्हणते ना."

"न्हाई लिवत."

"ऱ्हाऊ द्या मग," म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. मी तो चहा प्यालो. दुसऱ्या दिवशी दुपारी तांदूळ निवडता निवडता ती भिंतीला टेकली, ती टेकलीच. डॉक्टर म्हणाले, हृदय.

आता दीड महिना झाला. हे लिहितानासुद्धा चारदा उठलो, दारापर्यंत जाऊन आलो. बसवत नाही. माणसं म्हणतात, शांत ऱ्हावा. कसं ऱ्हावं ते कुणी सांगत नाही.

दुष्काळात आम्ही रेणापूरकडून लातूरला आलो. मी मोंढ्यावर, धान्याच्या बाजारात, पोती उचलायचो. पत्र्याची एक खोली, कडेवर पोरगी, आणि पाण्याचा ठणठणाट. पारू घागर घेऊन गल्लोगल्ली फिरायची. कुठल्या आडाला तळ लागला, कुठल्या घरी कुत्रं सोडतात, तिला सगळं पाठ. पाहुण्यांना वाटायचं बाईला शहराची लई हौस. हौस कसली? ते शहर तिनं घागरीमागं फिरून शिकलेलं होतं. काही दारांत आधी विचारायचे, कुणाच्यातली गं तू? सांगितलं की वरून, लांबून धार धरायचे. ते कळल्यावर मी तिला बजावलं, मरू पण कुणाच्या दारात जायचं नाही. टँकरला रांग लाव.

एक दिवस टँकर आला नाही. तरी ती भरली घागर घेऊन आली. मी विचारलं, कुठलं पाणी?

"निळ्या दाराचं. अम्मानं कुणाच्यातली म्हणून इचारलं न्हाई. म्हणली, घागर पुढं कर बेटी."

मी म्हणालो, मागून आणलेलं पाणी मी पीत नाही. आणि तसाच तहानलेला पोती उचलायला गेलो. तो उन्हाळाभर त्या दारचं पाणी आमच्या घरात आलं. लेक त्यावर वाचली. मी मात्र मोंढ्यावरच पिऊन यायचो. लई ताठा होता मला.

पुढं लातूर जिल्हा झाला. मी पेढा घेऊन आलो, तर ही म्हणते, "जिल्हा झाला म्हणं. मग नळाला सांगितलं का न्हाई कुणी?" गल्लीत नळ आला तेव्हा पहिली घागर तिनं डोक्यावर घेतली आणि निळ्या दारी पोचवून आली. चला म्हणाली होती. मी गेलो नाही. अम्मा गेली तेव्हाही नाही.

पारूची माती करून आलो, तर घर माणसांनी भरलेलं. कुणी रडतंय, कुणी लग्न पुढं ढकलायचं का विचारतंय. मी म्हणालो, ढकलायचं नाही, ती शिव्या देईल. पण माझा पाय घरात ठरेना. यादी तिच्या पानाच्या चंचीखाली ठेवलेली. आठ ओळी, खाली कोरी जागा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपला घातल्या, यादी खिशात घातली आणि निघालो. गोलाईत पाट्या वाचत दोन फेरे मारले आणि गुळाच्या बाजारात निघालो... साडूसारखाच. मग परत आलो, देवळाकडं तोंड करून उभा राहिलो. मिरचीचा ठसका आला. डावीकडं वळलो. घाणा कधीच बंद पडलाय, पण भिंतींना तेलाचा वास होता. दार आता लोखंडी आहे. रंग निळाच.

अम्माची सून बाहेर आली. तीही म्हातारी झालेली. "कौन?"

"पारूचा नवरा."

तिनं तोंडाला पदर लावला. "कल सुना भाई. आओ, अंदर बैठो."

मी म्हणालो, "बसत न्हाई. पाणी द्या."

तिनं तांब्या आणला. मी उभ्यानं सगळा प्यालो. मग तिच्या पायरीवर बसलो, कागद गुडघ्यावर धरला आणि लिहिलं... नऊ. तेलाच्या घाण्यामागची गल्ली, निळं दार. इथं पाणी मागायचं.