बाहेरचं दार

आमचे भाऊजी कोर्टात बेलिफ होते, हे लग्न ठरताना मला कुणी सांगितलंच नाही. नवऱ्याचा धाकटा भाऊ "सरकारी नोकरीत आहे," एवढंच माझ्या माहेरी कळलं होतं. घरात आल्यावर मी आमच्या यांना विचारलं, की भाऊजी नक्की करतात काय? तर हे पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाले, लोकांच्या घरातलं सामान बाहेर काढतो. मला कितीतरी दिवस वाटत होतं, की हमाली करतात.

मग एकदा जेवताना भाऊजींनीच समजावून सांगितलं. कोर्टात जिंकला म्हणजे पैसे हातात पडले, असं नसतं म्हणे. न्यायाधीश हुकूमनामा देतात, म्हणजे शेवटी कागदच देतात. हरलेला माणूस "बरं" म्हणतो आणि घरी जाऊन झोपतो. मग जिंकलेल्यानं पुन्हा अर्ज करायचा, की बाबांनो, जिंकलेलं हातात तरी द्या. तेव्हा कुठे जप्तीचं वॉरंट निघतं आणि ते घेऊन दारात उभा राहतो तो बेलिफ. "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ना वहिनी," ते म्हणाले, "पण जो चढत नाही त्याच्याकडे कोर्टच पायरी उतरून जातं. ते उतरणारे पाय माझे."

असं बोलायचे. जिभेवर साखर होती माणसाच्या, आणि तीच नडली, असं मी आजही म्हणते.

त्यांच्या कामाचे दोन नियम मला तोंडपाठ झाले होते. एक म्हणजे बाहेरचं दार. ते आतून बंद असलं तर बेलिफानं आपल्या मनानं तोडायचं नाही. माघारी यायचं, तसं लिहून द्यायचं, नवा हुकूम आणायचा, पोलीस मागायचे. तेवढ्यात आतला माणूस सगळं सामान मागच्या गल्लीतून मेहुण्याच्या घरी पोचवून मोकळा. पण कुणी आतून कडी काढली, की मग बेलिफाला आत जायला कुणी अडवू शकत नाही. दुसरा नियम सूर्याचा. सूर्य मावळला की जप्तीसाठी कुणाच्या घरात शिरायचं नाही. भाऊजी संध्याकाळी हातपाय धुऊन बसले की म्हणायचे, "चला, दिवस बुडाला, बेलिफ माणसात आला."

बाकीच्या बेलिफांची निम्मी वॉरंटं "दार बंद" असा शेरा घेऊन परत यायची. भाऊजींचं एकही येत नसे. त्यांची रीत साधी होती. बरोबरच्या लोकांना भिंतीच्या कडेला उभं करायचं, दार हळू वाजवायचं आणि म्हणायचं, "जरा पाणी मिळेल का?" पाण्याला कोण नाही म्हणतं? दार उघडायचं, पेला यायचा, भाऊजी खरोखर पाणी प्यायचे, "बरं वाटलं" म्हणायचे आणि मग वॉरंट काढायचे. कोर्टात सगळे त्यांना "पाणीवाले" म्हणत आणि त्यांचे वरचे साहेब नव्या बेलिफांना त्यांच्याबरोबर शिकायला धाडत. मी एकदा बोलले, की भाऊजी, ही लबाडी आहे. ते म्हणाले, लबाडी कशी, तहान तर खरी असते, उन्हातून गेलेलो असतो. यावर काय बोलणार? मी वाढायला उठले.

लग्नाचं नाव काढलं की भाऊजी हसण्यावारी न्यायचे. बेलिफाला मुलगी कोण देणार, म्हणायचे. पण मला डोळे होते. शेजारच्या गल्लीत एक शिवणकाम करणारी राहायची, आपल्या थोरल्या भावाबरोबर. आसपासच्या सगळ्या शाळांचे गणवेश तीच शिवायची, म्हणून गल्ली तिला गणवेशताई म्हणायची. वयानं तिशी ओलांडलेली, बोलणं मोजकं, टाका असा की कापड फाटेल पण उसवणार नाही. भाऊजींच्या पँटचे खिसे आधीच किल्ल्यांनी फाटायचे, ते तिच्याकडे जायला लागल्यापासून जरा जास्तच फाटायला लागले. मी एकदा खिसा धरून पाहिला, तर चक्क कात्रीनं कापलेला. मी नुसती खोकले. भाऊजी कानापर्यंत लाल.

कोर्टाचे कागद दुमडून चुरगळतात, असं ते तिला कधीतरी म्हणाले असतील. तिनं त्यांच्या कोटाला आतून एक लांब खिसा शिवून दिला, कागद न दुमडता उभा मावेल असा, आणि त्याची शिलाई घेतली नाही. त्या दिवशी भाऊजी घरातसुद्धा कोट घालून बसले होते, भर उन्हाळ्यात. मी ठरवलं, की कोर्टाला सुट्टी लागली की तिच्या भावाकडे जाऊन विषय काढायचा.

पण तिचा भाऊ दुसऱ्याच भानगडीत अडकला होता. एका मित्राच्या कर्जाला जामीन राहिला आणि मित्र झाला पसार. सावकारानं दोघांवर दावा लावला. समन्स आलं तर हा पठ्ठ्या म्हणाला, मी कुठे पैसे घेतलेत, मी कशाला जाऊ? गेलाच नाही. तिथे न जाणं म्हणजे गप्प बसून कबूल करणं, हे त्याला कुणी सांगितलं नसेल, आणि सांगितलं असतं तरी ऐकणाऱ्यातला तो नव्हता. एकतर्फी निकाल लागला आणि वॉरंट निघालं.

जळलं मेलं ते वॉरंट, आमच्या भाऊजींच्याच वाट्याला आलं.

त्यांना साहेबांना सांगता आलं असतं, की ओळखीचं घर आहे, दुसऱ्याला द्या. साहेबांनी दिलंही असतं. पण तो दुसरा म्हणजे "वादळ". त्या बेलिफाचं नावच तसं पडलं होतं, कारण तो आधी सगळं घर रस्त्यावर काढायचा आणि मग म्हणायचा, हरकत असेल तर अर्ज करा. कारागिराची हत्यारं जप्त करता येत नाहीत, असा कायदा आहे. पण वादळ ते शिवणयंत्र उचलणार, मग ती अर्ज करणार, तारखा पडणार, आणि तोवर शाळा सुरू होऊन गणवेश दुसरीकडे गेलेले असणार. म्हणून भाऊजींनी ठरवलं, की आपणच जायचं. यंत्राला हात लावू द्यायचा नाही, बाकीचं शांतपणे, इज्जतीत उरकायचं. भलं करायला निघाले होते, यात मला शंका नाही. पण थोडा अभिमानही होता. आपलं वॉरंट कधी परत गेलेलं नाही, हा अभिमान.

मला आदल्या दिवशी काही बोलले नाहीत. बोलले असते तर मी दारात आडवी पडले असते. सकाळी कोट घातला आणि चहा अर्धा टाकून निघून गेले.

पुढचं मला दोघांकडून कळलं. थोडं भाऊजींकडून, बरंचसं आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडून, कारण त्याला पंच म्हणून नेलं होतं आणि त्याच्या पोटात काही राहत नाही. दार आतून बंद होतं. भाऊ घरात नव्हता. जाताना बहिणीला बजावून गेला होता, की कोणी आलं तरी उघडू नकोस. आतून यंत्राचा आवाज येत होता. इस्त्रीवाला आणि सावकाराचा माणूस भिंतीला चिकटून उभे राहिले. भाऊजी बराच वेळ दारासमोर नुसतेच उभे होते म्हणे. मग दार हळू वाजवलं आणि म्हणाले, "जरा पाणी मिळेल का?"

यंत्र थांबलं आणि लगेच कडी निघाली. हातात पेला घेऊनच ती आली होती, आणि इस्त्रीवाला सांगतो, की हसत होती. मग तिला भिंतीजवळची माणसं दिसली. तिनं पेला मागे घेतला नाही, तसाच पुढे धरला. आणि भाऊजी ते पाणी प्याले. इथे मला अजून चीड येते. अहो, निदान प्यायचं तरी नाही. पण रीत ती रीत. प्याले, पेला परत दिला आणि तिनंच शिवलेल्या खिशातून वॉरंट काढलं, न दुमडलेलं.

सावकाराचा माणूस आधी यंत्राकडेच वळला. भाऊजी मधे उभे राहिले आणि म्हणाले, हे कारागिराचं हत्यार आहे, याला बोट लावायचं नाही. तो बराच हुज्जत घालत होता, पण भाऊजी हलले नाहीत. कपाट गेलं, पंखा गेला, भिंतीवरचं घड्याळ गेलं. कपाट तिनं स्वतः रिकामं केलं, अर्धवट शिवलेले गणवेश एकेक घडी करून पलंगावर ठेवले. रडली नाही. यादीवर सही करायची वेळ आली तेव्हा सही केली, पेन परत दिलं आणि भाऊजींना एवढंच म्हणाली, "पाणी कशाला मागितलंत? नुसतं 'मी आहे' म्हणाला असतात, तरी मी उघडलं असतं."

संध्याकाळी भाऊजींनी हे सांगितलं तेव्हा मी त्यांना नाही नाही ते बोलले. मग विचारलं, की खरंच, नाव का नाही घेतलंत? ते म्हणाले, ओळखीवर दार उघडून घेणं म्हणजे तिला फसवणं झालं असतं. पाणी मी सगळ्यांकडेच मागतो. म्हणजे बघा माणसाचा हिशेब. तिला फसवायचं नव्हतं म्हणून फसवलं.

कपाटाचा लिलाव झाला. भाऊजींना ते घेऊन तिला परत द्यायचं होतं, पण कोर्टातल्या माणसाला बोली लावता येत नाही, दुसऱ्याच्या नावानंही नाही. आमचे हे म्हणाले, मी घेतो ना, कुणाला कळतंय? पण भाऊजींनी मान हलवली. नियम पाळण्यात त्या माणसानं कधी कसूर केली नाही. कपाट कुणी हॉटेलवाला घेऊन गेला.

त्यानंतर भाऊजींनी कोणाच्या दारात पाणी मागितलं नाही. पाण्याची बाटली बरोबर न्यायला लागले. दार वाजवून मोठ्यानं सांगायचे, "कोर्टाचा बेलिफ आहे, जप्तीचं वॉरंट आहे." असं ऐकल्यावर कोण शहाणा उघडतो? वॉरंटामागून वॉरंट परत यायला लागलं. वकिलांनी तक्रारी केल्या, साहेब आधी चकित झाले, मग चिडले आणि शेवटी त्यांना आत टपालाच्या टेबलावर बसवलं.

मी गप्प बसणारी नव्हे. महिनाभर मागे लागले, की जा आणि तिच्याशी बोला. पायाशी लोळण घ्या हवं तर, पण जा. शेवटी तयार झाले, पण म्हणाले, दिवसा नाही. सूर्य मावळल्यावर जाईन, म्हणजे मी कामावर आलेलो नाही हे तिला कळेल. मला हसूही आलं आणि भरूनही आलं. म्हटलं, चला, मी कोपऱ्यापर्यंत येते.

दिवे नुकतेच लागले होते. कोट घरी ठेवून आले होते, अंगात साधा सदरा. मी कोपऱ्यावर किराणा दुकानाच्या पायरीशी थांबले, तिथून दार स्पष्ट दिसत होतं. भाऊजींनी दार वाजवलं. यंत्र थांबलं.

"कोण आहे?" तिनं आतून विचारलं.

भाऊजी उभे. मी मनातल्या मनात म्हणतेय, बोला हो, दोनच शब्द बोलायचेत. मग तिनं पुन्हा विचारलं, आणि या वेळी आवाज दाराच्या अगदी जवळून आला, "कोण आहे?"

मिठाची गुळणी धरल्यासारखे उभे राहिले. हात वर केला होता तो तसाच खाली आला. जरा वेळानं आतून पाय मागे गेल्याचा आवाज आला आणि यंत्र पुन्हा सुरू झालं. भाऊजी वळून माझ्याकडे चालत आले.

मी तिथेच, दुकानदार ऐकतोय याचंही भान न ठेवता, विचारलं, की जीभ गेली होती कुठे तुमची? साऱ्या गावाची दारं उघडलीत, आणि इथे दोन शब्द निघेनात?

ते म्हणाले, "वहिनी, मी आहे म्हणालो असतो आणि तरीही तिनं उघडलं नसतं, तर?"

आम्ही दोघं घरी आलो.

वर्षभरात तिच्या भावानं खोली सोडली आणि ती दोघं दुसऱ्या गावी गेली. तिचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही, इस्त्रीवाल्यालाही नाही. भाऊजी आमच्याकडेच राहिले, निवृत्त झाले, आणि तीन वर्षांपूर्वी गेले. लग्नाचा विषय मी पुन्हा काढला नाही. तेवढी अक्कल मला आली होती.

पण त्या संध्याकाळपासून त्यांना एक सवय लागली होती. आमचं दार दिवसभर उघडंच असतं, माणसांची ये-जा असते. भाऊजी कामावरून आले की सरळ आत येत नसत. उंबऱ्याबाहेर चपला काढून थांबायचे आणि म्हणायचे, "वहिनी, मी आहे."

"उघडंच आहे की भाऊजी," मी रोज आतून सांगायचे. मग ते आत येऊन स्वतःच्या हातानं पाणी घ्यायचे.