ताईच्या नावावरचे पैसे

ताई अस्वस्थ असली की दुसऱ्याचा चष्मा पुसते. चष्म्याच्या दुकानात आयुष्यभर काचा घासल्या, ती खोडच लागली. त्या मंगळवारी माझ्याकडे आली ती बसली नाही, पाणी घेतलं नाही, थेट माझ्या नाकावरचा चष्मा ओढला आणि रुमालानं घासत खोलीत येरझारा घालायला लागली.

"अगं, मला दिसत नाहीये!" मी ओरडले.

"मला तरी कुठे काय सुचतंय? सोमवारी ऑपरेशन आहे."

हृदयाचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले होते, घाबरण्यासारखं काही नाही. असं म्हटलं की माणूस हमखास घाबरतो.

"होईल गं नीट," मी म्हटलं.

"मरायची भीती नाही. पैशांचं काय ते सांग."

आता हे पैशांचं समजायला भावजी समजायला हवेत. भावजी म्हणजे शहर बसचे ड्रायव्हर. पहिल्या बायकोनं घर सोडलं, पण सोडचिठ्ठी काही दिली नाही, त्यामुळे ताईशी लग्न राहूनच गेलं. तरी मी त्यांना भावजीच म्हणते. मग काय 'ओ बसवाले' म्हणू?

सुरुवातीला दोघांची बचत एकाच खात्यात. पहिलं नाव भावजींचं, म्हणून सगळं व्याज त्यांच्या कमाईत धरलं जायचं आणि त्यावर तगडा कर बसायचा. ताईची कमाई बेताची, तिला कर जवळजवळ नाहीच. एक वर्षी भावजींनी कुणाला न विचारता शहाणपणा केला. अर्धी रक्कम उचलून ताईच्या खात्यात टाकली आणि घरी येऊन मोठ्या रुबाबात सांगितलं. करसल्लागारानं कपाळावर हात मारला. म्हणाला, "नवरा-बायको असता तर चाललं असतं. तुम्ही कायद्याला परके. ही परक्यानं दिलेली भेट, आता बाईंनी भेटीवर कर भरा." एका ताटात जेवणारा माणूस परका! आगीतून फुफाट्यात, दुसरं काय.

मग त्याच सल्लागारानं रीत घालून दिली. भावजींच्या पगारातून घर चालवायचं: भाडं, किराणा, वीज, ताईची औषधं. ताईच्या पगाराला हात लावायचा नाही, तो तिच्याच नावावर साठवायचा. कोणी कोणाला काही दिलंच नाही, तर भेट कुठली? व्याज तिचं, कर नाममात्र. वर्षानुवर्षं दोघांनी ते इमानेइतबारे पाळलं. आज बँकेत आहे ते सगळं ताईच्या नावावर. भावजींच्या नावावर काय? ड्रायव्हिंग लायसन्स आणि गुडघेदुखी.

आणि ताई गेली तर ते सगळं कायद्यानं माझं. आई-वडील नाहीत, मूलबाळ नाही, सख्खी बहीण मी एकटीच.

"म्हणून म्हणते, मला मृत्युपत्र करायचंय," ताई म्हणाली. "सगळं त्यांच्या नावानं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "म्हणजे मी ते गिळून बसेन असं वाटतं तुला? भावजींना मी रस्त्यावर काढेन? चष्मा दे माझा इकडे!"

चष्मा दिला नाही. येरझारा मात्र थांबल्या.

"तू देशील, माहीत आहे मला. पै न् पै देशील. पण तू *देशील* गं. आणि त्यांना हात पुढे करून घ्यावं लागेल. घरातला प्रत्येक घास त्यांच्या पगारातला आहे, म्हणून माझे पैसे शिल्लक राहिले. स्वतःचेच पैसे मेहुणीकडून उपकार म्हणून घ्यायचे?" मग काचेवर फुंकर मारून म्हणाली, "आणि वर त्या भेटीवर परत कर. मृत्युपत्रानं गेले तर नाही, विचारून आलेय मी."

मला हसू आलं आणि रडूही. चपला घातल्या.

वकिलाकडे भावजी ड्यूटीच्या मधल्या सुट्टीत आले, खाकी कपड्यांतच. घरी त्यांनी या विषयावर ताईला तोंडच उघडू दिलं नव्हतं. "अभद्र बोलू नकोस," एवढंच. इथेही खुर्ची असून बसेनात. दाराशी उभे राहून किल्ल्या वाजवत होते. वकिलानं कागद वाचून दाखवला, ताईनं पेन उचललं.

"एक विचारू का?" भावजी पहिल्यांदाच बोलले. "मी आधी गेलो तर?"

"तर काहीच करायला नको," वकील म्हणाला. "सगळं बाईंच्याच नावावर आहे. त्या पैशांना कोणी हात लावू शकत नाही."

"अस्सं," भावजी म्हणाले आणि खुर्ची ओढून निवांत बसले. "मग तसंच होऊ दे."

"गप बसा तुम्ही!" ताई कडाडली. पेन हातातच राहिलं आणि माझी ताई त्या अनोळखी वकिलासमोर ढसाढसा रडायला लागली.