नकाशात अर्नाळा हाय का?

मासळी साफ करताना खवलं कदी चिकटतात ते कळत नाय. संध्याकाळी बायको पाठीवरचं एक उपटून दाखवते, तेवा कळतं. आमच्या निलेशच्या दुकानातले किस्से तसेच. मी गोळा करायला जात नाय. बाकड्यावर बसतो, चा पितो, घरी येतो तर चार चिकटलेले असतात!

निलेश माझा पुतन्या. अर्नाळ्याच्या नाक्यावर त्याचं मोबाईल रिपेरिंगचं दुकान. रविवारी तिथं दोघं येतात. एक प्रसाद. विरारला फुलपाड्यात फ्लॅट, अंधेरीला ऑफिस, बोलनं एकदम शुद्ध. दुसरा पास्कल, पाचूबंदरचा, स्वताची होडी. तिघंबी चाळिशीला आलेले घोडे, नि तिघांना येड एकच. गेम!

तो गेम अजून आलेला नाय. येनार येनार म्हनून वर्ष होत आलं. जुन्या काळचा हाय. मराठे, पोर्तुगीज, सिद्दी, सगळे. त्यात मोठा नकाशा असतो, त्याच्यावर आपलं सैन्य सरकवायचं. हे गाव घे, तो किल्ला घे. नकाशा कुनी धड बघितला नाय, आनि भांडनं सगळी नकाशावरनं!

निलेशचं दुखनं येगळं. ह्याच कंपनीच्या आदीच्या गेममदे वसई होती, पन अर्नाळ्याच्या जागी नुसतं पानी. बेट नाय, किल्ला नाय, बंदर नाय, काय नाय.

"काका, त्यांनी माझं घर बुडवलं!"

मी बोललो, "मग तू इथं बसलायस कुठं? पोहत जा घरी."

हसला नाय. तेवा कळलं, गडी सिरियस हाय. ह्या टायमाला नकाशात अर्नाळा आला पायजे, बास.

*

एकदा कंपनीनं नकाशाचा फोटो सोडला. सगळा धुरकट. निलेशनं पहिला मला दाखवला, मी मोबाईल हातात घेतला, डोळ्याजवळ नेला, परत दिला.

पाच मिनिटांनी निलेश वरडला, "बेट! वसईच्या वर बेट हाय!"

प्रसाद वाकला. पास्कल वाकला. होतं खरं. गोल, चकचकीत, बरोबर अर्नाळ्याच्या जागी! निलेशनं भजी मागवली.

प्रसाद हुशार. त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. किनारा मोठा झाला, खाडी मोठी झाली, बेट तेवढंच! फोटो सरकवला. किनारा सरकला, बेट तिथंच!

पास्कल बोलला, "किल्ला मजबूत हाय. हलत नाय."

मग प्रसादनं नख लावलं, नि बेट नखावर आलं. रावसाचं खवलं! मी सकाळी रावस कापला होता ना.

निलेश बराच येळ त्या नखाकडं बघत बसला. भजी मीच संपवली.

*

दुसऱ्या रविवारी वाद, वसईहून अर्नाळ्याला सैन्य न्यायला किती येळ लागेल. प्रसाद बोलला, "एक टर्न. म्हणजे एकदा आपली चाल, एकदा समोरच्याची. एक टर्न म्हणजे तीन महिने."

मी बोललो, "वसईहून अर्नाळ्याला तीन महिने? रिक्षावाला बदल!"

"काका, त्या काळी रस्ते नव्हते."

पास्कल बोलला, "आता हायत म्हनून सहा महिने लागतात."

*

पास्कलला आमी सारखं डिवचतो. गेम आला की तू कोनाकडनं? मराठ्यांकडनं का पोर्तुगीजांकडनं? चर्चला जानारा मानूस, आनि आजापंजा इथलाच कोळी.

एकदा वैतागून बोलला, "आमी दोघांनाबी मासळी दिली. काटा दोघांच्याबी घशात अडकला. आमचं काम झालं!"

*

आता माझं सांगतो. माझी शाळा दुसरीपर्यंत. मास्तर बोलायचा, "बाणाचा ण बोल." मी बोलायचो, "बानाचा न." छडी बसायची. परत, "बाणाचा ण!" परत, "बानाचा न!" शेवटी मास्तर थकला नि मी होडीवर गेलो. आमच्या घरात एकच न, तो सगळीकडं चालतो. पानी, लोनी, मानूस. सत्तर वर्षात कुनाचं अडलं नाय.

प्रसादचं अडलं!

झालं काय, कंपनीनं सगळ्यांना इचारलं, तुमच्या गावची जुनी म्हायती पाठवा, बरी वाटली तर नकाशात घेऊ. निलेशला झोप लागेना. प्रसाद इंग्रजीत टाइप करनार, म्हायती मी सांगनार. मी किल्ला सांगितला, बंदर सांगितलं. प्रसाद मान खाली घालून टकटक टकटक.

"काका, आजूबाजूचं काही? चिंचोटीकडे काय होतं?"

"चिंचोटीकडं खान. मोठी... दगडाची."

टकटक थांबली. "दगडे खान?"

मला वाटलं, फुलपाड्यात तसं बोलत असतील. "हां."

"किती मोठा होता?"

"अख्खा डोंगर खाल्ला."

"म्हणजे जिंकला! माणसं किती?"

"दोनशे तरी. सुरुंग लावायची. संध्याकाळी एवढा आवाज व्हायचा, घरातली भांडी हलायची."

"तोफखाना!" प्रसादचे डोळे मोठे. "आणि अर्नाळ्याशी संबंध?"

"संबंध म्हंजे? अख्खं बंदर त्याच्या दगडावर उभं हाय."

"म्हणजे अर्नाळा त्याच्या ताब्यात!" टकटक टकटक. "पुढे काय झालं? संपला?"

"संपतो कसला! अजून चालू हाय. माझा मेव्हना होता ना तिथं कामाला."

"वंशज आहेत!" प्रसाद निलेशला बोलला. "हे कुठेच लिहिलेलं नाही!"

मग त्यानं पत्र मराठीत वाचून दाखवलं, तेवा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तोंड उघडलं. निलेश डोळे पुशीत होता. बोलला, "काका, तुमी नसता तर आपलं गाव गेलं असतं." मी उघडलेल्या तोंडात चा ओतला नि गप बसलो.

*

मागच्या रविवारी कंपनीनं अख्खा नकाशाच सोडला, बोट दाबलं की म्हायती दाखवनारा. ह्या टायमाला साफ, गावांच्या नावांसकट. निलेशनं आदी मला हात धुवायला लावले. मग काच शर्टानं पुसली, वर नखानं खरवडून बघितली. मगच वाकला.

अर्नाळा होता! बेट, वर किल्ला, बाजूला बंदर, खाली नाव. प्रसादनं एकेक अक्षर बोट लावून वाचलं. मोठा केला, बेट मोठं झालं. सरकवला, बेट सरकलं! निलेश खुर्चीत बसला. पास्कलनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मग पास्कलच बोलला, "आपल्या बेटावर हा झेंडा कोनाचा?"

प्रसादनं झेंड्यावर बोट दाबलं. एक मानूस आला. दाढी, घोडा, हातात एवढा मोठा हातोडा. खाली नाव. प्रसादनं छाती फुगवून वाचलं, "दगडे खान, चिंचोटीकर! माझ्या पत्रातला!"

निलेश उठला. इतकी वर्षं पान्याखाली असलेलं गाव वर आलं, आनि आलं ते दुसऱ्याच्या ताब्यात! त्याचं तोंड लाल झालं.

"गेम आला की पहिलं काम हेच. ह्याला उडवायचा. माझं गाव मला परत पायजे."

"सोपं नाही," प्रसाद बोलला. "दोनशे माणसं आहेत. तोफखाना आहे."

मग तिघांनी माझ्याकडं बघितलं. निलेश बाकड्यावर माझ्याजवळ येऊन बसला. हळू बोलला, "काका, तुमाला त्याची सगळी म्हायती हाय. खरं सांगा. त्याच्यावर हल्ला कदी करायचा?"

मी चा संपवला, कप खाली ठेवला.

"पावसाळ्यात जा," मी बोललो. "पावसाळ्यात तो बंद असतो."

प्रसादनं लगेच टाइप करून घेतलं.