दिराच्या मांडवातली माशी

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत आवडी राहते. वय साठीला टेकलेलं. नवरा सहदेव जाऊन नऊ वर्षं झाली, मुलं मुंबईला. भात झोडून झालं की वहाळाच्या पाण्यावर ती कारल्याचा मांडव घालते. बांधापलीकडे धाकट्या दिराचा, काशीरामचा मांडव. पाण्याच्या पाळीवरून एकदा जुंपली, तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. झालंच तर शिव्या.

फळमाशीनं दोन वर्षं कारलं नासवलं. कोवळ्या कारल्याला टोचून माशी आत अंडी घालायची. कारलं वाकडं व्हायचं, पिवळं पडायचं, चिरलं की आत अळ्या. फवारून फवारून आवडीचे डोळे सुजले, माशी काही हटेना. शेवटी कृषी सहायक दीप्तीनं तिला सहा कामगंध सापळे दिले. प्लास्टिकचे डबे, आत वासाची वडी.

"मादीच बोलावतेय असं वाटून नर आत शिरतो नि मरतो," दीप्ती म्हणाली. "नर उरला नाही की मादीची अंडी फुकट."

दुसऱ्याच दिवशी काशीराम बांधावर आला. "वयनी, वास लावून सगळ्या माशा हितं बोलावल्यास. माझं कारलं खातायत त्या."

"नर हायत ते. नर अंडी घालत नाय."

"मला शिकवू नको!" त्यानं कडेचे दोन डबे ओढून काढले नि वहाळात भिरकावले.

आवडीनं कोयता उचलला. "भावोजी, पुन्ना हात घाला, बोटं तोडून देईन."

डबे माश्यांनी भरत होते, तरी कारलं सडतच होतं. दीप्तीनं येऊन पाहिलं. "माशी पलीकडून येतेय. त्यांनी सडकी कारली तशीच खाली टाकलीत, त्यातल्या अळ्यांचीच नवी माशी होते. दोन्हीकडे सापळे हवेत. बोला त्यांच्याशी."

"त्याच्याशी? मेले तरी नाय."

माघात काशीरामच्या घरचे सगळे चार दिवस लग्नाला मुंबईला गेले. आवडीनं दीप्तीकडून आणखी सहा डबे आणले, कुणासाठी ते सांगितलं नाही. टोपली घेऊन ती दिराच्या मांडवात शिरली. दोन दिवस वाकून सडकी कारली वेचली, खोल खड्ड्यात पुरली आणि डबे टांगले. एकेका कारल्यागणिक दिराला शिवी हासडत होती.

काशीराम परतला, मांडवात टांगलेले डबे त्याला लांबूनच दिसले, तसा तो थेट तिच्या अंगणात आला. "माझ्या मांडवात कुणाला विचारून गेलीस? करणी करतेस?"

"तुमच्यासाठी नाय केलं. माझं कारलं वाचावं म्हणून केलं."

"परत पाय टाकलास तर तंगडी मोडीन."

"मोडा. पन वडी दीड महिन्यानं बदलायची हाय, ती बदला."

डबे तोडायला तो तणतणत मांडवात गेला. पहिल्याच डब्यात तळाशी मेलेल्या माश्यांचा ढीग. वर नव्यानं धरलेली हिरवी, सरळ कारली लोंबत होती. त्यानं डबा होता तिथं पुन्हा अडकवला.

दीड महिन्यानं तो स्वतः दीप्तीकडे जाऊन वड्या घेऊन आला. वहिनीचं नाव मात्र घेतलं नाही.

त्या हंगामात दोघांची कारली पोलादपूरच्या बाजारात गेली. रस्त्याच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो. कारल्यात कीड कशी नाही, असं गिऱ्हाइकानं विचारलं की काशीराम छाती काढून सांगायचा, "माझीच युक्ती हाय."

एकदा ते आवडीच्या कानावर गेलं. हातातला तराजू तिनं तसाच खाली ठेवला नि भर बाजारात ओरडली, "खोटारडा मेला!"

त्यानं ऐकलं, पण मान वळवली नाही.